चांदरी नावाचं भात

"हा बघा हिचा संदर्भग्रंथ," सर म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "पानं पिवळी पडलीत. बायंडिंग सुटलंय. पण आपल्या मॅडमचा यावरच भरवसा."

हॉल हसला. साठ-सत्तर पोरं असतील. मी फळ्याजवळ उभी होते. अंगावर लग्नाकार्याला नेसायची साडी. हातात कापडी पिशवी, पिशवीत सरांसाठी आणलेले नवे तांदूळ.

"आजी, शाळा किती झाली?"

"चौथी."

"सर, चौथी आवृत्ती!" मागून एक पोरगा ओरडला. परत हसले. सरांनी त्याला दटावलं नाही. ते पण हसले.

मग त्यांनी टेबलावर चार पुस्तकं ठेवली. एकावर एक. प्रत्येक पुस्तक ठेवताना आवाज केला.

"या चारही पुस्तकांत आपल्या मुरबाड तालुक्यातल्या चांदरी भाताची नोंद आहे. छापील नोंद. आता आजी, तुम्ही सांगा. चांदरी भात कधी बघितलंत?"

"नाय."

"मग चांदरी म्हणजे काय?"

"आमची म्हस होती."

त्यानंतर जे झालं ते हसणं नव्हतं. बाकं वाजली. एक जण म्हशीसारखा रेकला. पहिल्या बाकावर माझी नात प्रतीक्षा बसली होती, तिने वहीत तोंड घातलं. सर थांबून राहिले. सगळ्यांचं हसून होऊ दिलं.

"एका बाजूला चार पुस्तकं," ते म्हणाले. "एका बाजूला एक म्हैस. संशोधन कशावर करायचं?"

"पुस्तकांवर!" पोरं ओरडली.

"आजी, वय झालंय तुमचं. विसर पडतो माणसाला. चूक तुमचीच असू शकते ना?"

मी त्या चार पुस्तकांकडे बघितलं. जाडजूड. वर सोनेरी अक्षरं. आयुष्यभर मनात हेच की छापलेलं खोटं नसतं. माझ्या तोंडातून निघालं, "आसंल. माझीच चूक आसंल."

आणि मी मान खाली घातली.

हसल्याचं मला काही नाही. सासरी हसले, बाजारात हसले, दवाखान्यात हसले. त्याने माझं काही झिजलं नाही. पण जी गोष्ट मला माझ्या हातापायासारखी माहीत, ती मी स्वतःच्या तोंडाने खोटी ठरवली, ते पण माझ्या नातीसमोर. त्या दिवसाचं सगळ्यात वाईट तेच होतं.

*

प्रतीक्षा माझ्या पोराची पोरगी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. आमचं गाव टोकावड्यापासून आत. ती रोज चालत टोकावड्याला येते, तिथून एसटी. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही.

तिला एक विषय आहे. माहिती कशी शोधायची, खरी-खोटी कशी ओळखायची, दुसऱ्याचं घेतलं तर त्याचं नाव कसं लिहायचं. चांगला विषय आहे. ती घरी वाचायची तेव्हा मी भाकऱ्या थापताना ऐकायची. वहीच्या पहिल्याच पानावर सरांनी चार प्रश्न लिहून दिलेले. कोणी सांगितलं? कधी सांगितलं? कशावरून सांगितलं? दुसरीकडे पडताळून बघितलं का? मला ते पाठ झाले होते.

त्याच विषयाचा प्रोजेक्ट. प्रतीक्षाने गावातली जुनी भातं घेतली. मला विचारलं, माझ्या जावेला विचारलं, खालच्या आळीतल्या चार म्हाताऱ्यांना विचारलं. कोणाच्या शेतात काय होतं, कुठल्या मातीत, किती दिवसांत पिकायचं. सात नावं मिळाली. ज्यांचं बियाणं अजून कोणाच्या कणगीत होतं त्यांचे दाणे तिने पानावर टेपने चिकटवले. प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्या बाईचं नाव, आडनाव, वय. मी बघितलंय ते काम. स्वच्छ होतं.

सरांनी लाल पेनाने लिहून दिलं, "चांदरी राहिली. तीच सर्वांत महत्त्वाची."

प्रतीक्षाने घरी विचारलं, "आजे, चांदरी नावाचं भात होतं का गो?"

मी खोकला येईपर्यंत हसले. चांदरी आमची म्हैस. आमच्या मालकाने म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली. काळीभोर, कपाळावर पांढरा चांद. चौदा वर्षं आमच्या दावणीला होती.

पोरीने जसं ऐकलं तसं लिहिलं. "चांदरी नावाचे भात नाही. ते आमच्या म्हशीचे नाव होते. माहिती देणारी: माझी आजी." सरांनी वही टेबलावरून ढकलली आणि म्हणाले, "जा, तुझा संदर्भग्रंथ घेऊन ये."

आम्हाला टोमणा कळलाच नाही. मला वाटलं, सरांना विचारायचं असेल काही. म्हणून ती साडी. म्हणून ते तांदूळ.

हॉलमधून निघताना त्यांनी प्रतीक्षाला सांगितलं, सोमवारपर्यंत दुरुस्ती लिहून दे की आजीची माहिती चुकीची होती. नाहीतर प्रोजेक्ट घेणार नाही. प्रोजेक्ट नाही तर विषय गेला. आणि विषय गेला तर काय होणार ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. कल्याणकडचं एक स्थळ आलेलं होतं. माझा पोरगा आधीच म्हणाला होता, "एक जरी विषय गेला तरी बस झालं कालेज."

*

बाहेर पायरीवर प्रतीक्षा म्हणाली, "आजे, मी लिहून देते. एका वळीचं काम हाय."

"काय लिहिशील?"

"आजी चुकली."

"मी चुकले का?"

ती म्हणाली, "मला नाय माहीत, आजे. चार पुस्तकं हायत."

सरांचं बोलणं मला लागलं नव्हतं एवढं हे लागलं. ज्या पोरीला मी खांद्यावर घेऊन शेत दाखवलं, ती माझ्याकडे बघून पुस्तकं मोजत होती. आणि तिला बोलू कशी? मी पण तेच केलं होतं, आत, सगळ्यांसमोर.

मी म्हटलं, "ते चार सवाल हायत ना तुझ्या वहीत?"

"हायत."

"मंग ते त्या पुस्तकांना इचार. सगळे सवाल मलाच कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग उठली.

लायब्ररीच्या दाराला पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. मी काढल्या. आत एक बाई होत्या, त्यांनी आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि चारही पुस्तकं काढून दिली. सरांनी आत्ताच परत केली होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागे यादी असते, कोणी कोणाकडून घेतलं त्याची. ती कशी बघायची ते त्या बाईंनीच पोरीला दाखवलं.

सगळ्यात नवं पुस्तक घेतलं. चांदरीपुढे बारीक आकडा. मागे आकडा शोधला. ते दुसऱ्या पुस्तकाकडून घेतलेलं. दुसऱ्यात शोधलं, ते तिसऱ्याकडून. तिसरं चौथ्याकडून. शेळ्यांसारखी एकीच्या शेपटीला दुसरी. ती काही चार पुस्तकं नव्हतीच. एकच होतं, आणि त्याच्यामागे तीन.

चौथं पुस्तक सरांचं स्वतःचं. त्यावर त्यांना डॉक्टर ही पदवी मिळालेली. मुरबाड-शहापूरच्या भातांवर.

"वाच," मी म्हटलं.

प्रतीक्षाने हळू आवाजात वाचलं. "चांदरी. तूस काळपट, टोकाला पांढरा ठिपका. पाणी साचलेल्या जागी दीर्घकाळ टिकून राहते. दाणा दुधाळ. अत्यंत काटक." खाली बारीक अक्षरांत होतं, "टोकावडे परिसरातील एका अशिक्षित वृद्ध स्त्रीने खळ्यावर दिलेल्या तोंडी माहितीवरून."

"परत वाच."

तिने परत वाचलं. मी पुस्तक उलटं केलं. मागे सरांचा जुना फोटो होता. तेव्हा डोक्यावर केस होते. पण पेनाचं टोपण दातात धरायची सवय तीच, फोटोत पण आणि हॉलमध्ये पण.

मला खळं दिसलं.

इथून पुढे मी त्या माणसाला अहो-जाहो करणार नाही.

*

प्रतीक्षाचा बाप तेव्हा शाळेत होता. दिवाळी होऊन गेलेली. खळं शेणाने सारवलेलं, झोडणी झालेली, मधोमध रास. मालक बाजाराला गेलेले. मी आणि माझी जाऊ दोघीच. ती सुपाने भात वारवत होती.

हा आला. पायात बूट. तसाच खळ्यावर चढला.

मी म्हटलं, "पायातलं काढा. रास हाय."

"दोनच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला.

राशीजवळ पायातलं घालून कोणी येत नाही. आमच्यात लहान पोराला पण सांगावं लागत नाही. हा राशीच्या कडेला बूट टेकवून वाकला, मूठभर भात घेतलं, एक दाणा चावला आणि खळ्यावर थुंकला.

"घरात पुरुष माणूस नाही का कोणी?"

"बाजारात गेलाय."

"बरं, मग तूच सांग. या भाताला काय म्हणतात?"

माझं नाव विचारलं नाही. बस म्हटलं तर बसला नाही. त्याचं पेन चालेना, तर माझ्या पोराच्या दप्तरातली पेन्सिल मागून घेतली. घेतली ती घेतलीच, परत दिली नाही. त्या पेन्सिलीसाठी पोरगा संध्याकाळी रडला होता.

चांदरी समोर कुडाला बांधलेली. रवंथ करत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "चांदरी."

त्याने लिहिलं.

"कशी असते?"

"काळी. कपालावर पांढरा चांद."

लिहिलं.

"पाणी किती लागतं?"

"पाण्यात बसली का उठत नाय."

ते पण लिहिलं.

"दाणा कसा?"

"दूध चांगलं."

माझ्या जावेने तोंडात पदर कोंबला आणि सूप तोंडापुढे धरलं. हा वहीत डोकं घालून लिहीत होता. एकदा मान वर केली असती तर समोर बांधलेली म्हैस दिसली असती. नाही केली. वही मिटली आणि बूट वाजवत गेला. आम्ही दोघी चार दिवस हसलो. मग विसरलो. शेतीत माणसाला दुसरी कामं असतात.

तो विसरला नाही. त्याने ते छापलं. त्यावर पदवी घेतली, नोकरी घेतली, आणि आता माझ्या नातीला खरं काय ते शिकवत होता.

आणि मला अशिक्षित म्हणतो. मी चौथी पास आहे. वर्गात दुसरी आले होते. वृद्ध म्हणतो. तेव्हा माझा एक केस पांढरा नव्हता. मी एक खोटं सांगितलं, त्याने त्याच ओळीत स्वतःची दोन घातली. माझं नाव मात्र घातलं नाही. असतं तर सापडलं असतं ना कोणाला, विचारायला.

"आजे," प्रतीक्षा म्हणाली, "तू खोटं सांगितलंस?"

"हो."

"का गो?"

"त्याने बुटं काढली नाय."

ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "आपण सरांच्या केबिनमधी जाऊन सांगू. गुपचूप. ऐकतील ते."

"केबिनमधी नाय," मी म्हटलं. "हॉलमधी. आज हसली तेवढी सगळी पोरं पायजेत मला. एक पण कमी नको."

*

सोमवारी तीच साडी नेसले. पिशवी नाही नेली. तांदूळ घरी होते.

"अरे, आजी परत?" तो म्हणाला. त्याला वाटलं, माफी मागायला आली. "बसा, बसा. काय गं, लिहून आणलंस?"

"आणलंय सर," प्रतीक्षा म्हणाली. "वाचू?"

"वाच, वाच. सगळ्यांना कळू दे."

ती उभी राहिली. तिने आधी त्याचेच चार प्रश्न वाचले. मग पुस्तकं घेतली. हे त्याच्याकडून, ते त्याच्याकडून, पान कितवं, सगळं. चारावरून तीनवर, तीनवरून दोनवर, दोनवरून एकावर आली. पोरं ऐकायला लागली.

"कोणी सांगितलं? एका बाईने. कशावरून लिहिलं? खळ्यावर उभं राहून, एकदा ऐकून." तिने कागद खाली केला. "दुसरीकडे पडताळून बघितलं का? नाय."

तो म्हणाला, "ती बाई कोण, कुठली, काही पत्ता आहे का? उगाच हवेत बोलायचं नाही. पुरावा लागतो."

मी उठले.

"ती बाई मी."

"आजी, तुम्ही बसा."

"पेन चालत नवतं तुझं. माझ्या पोराच्या दप्तरातली पेन्सिल घेतलीस. परत दिली नायस."

हॉल गार झाला. मी त्याला तू म्हटलं म्हणून. त्याने टोपण दातातून काढलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, दुसरीकडे कुठे नाही. त्याला पेन्सिल आठवली. ती आठवताना मी बघितलं त्याला. एवढ्या वर्षांत मला कशाचं एवढं बरं वाटलं नव्हतं.

"तवा तू मला तू म्हणालास," मी म्हटलं. "आता मी म्हणते. काळी, कपालावर चांद, पाण्यात बसली का उठत नाय, दूध चांगलं. म्हस सांगितली तुला. तू भात लिहिलंस. समोर बांधली होती."

पोरांना आधी कळलं नाही. मग एकाला कळलं, मग सगळ्यांना.

"म्हणजे," तो ओरडला, "तुम्ही मला मुद्दाम खोटं सांगितलंत!"

"हो. खोटं सांगितलं. माझी काय चूक व्हायची ती झाली, ती मी इथं कबूल करते. तू तपासलं नायस, ते तू कबूल कर. पोरांना तर रोज शिकवतोस."

मागून परत कोणीतरी म्हशीसारखं रेकलं. या वेळी माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

त्याने कबूल केलं नाही. तास संपायच्या आधी पुस्तकं काखेत मारून निघून गेला.

*

प्रोजेक्ट घेतला. लायब्ररीतल्या बाई प्राचार्यांशी बोलल्या म्हणून घेतला. मार्क काठावर. शेरा मारला, "भाषा अशुद्ध." प्रतीक्षा पास झाली, पुढच्या वर्गात गेली. कल्याणच्या स्थळाला मी नाही म्हणून कळवायला लावलं. माझा पोरगा म्हणतो, "आई, कशाला मोठ्या माणसाच्या वाकड्यात शिरलीस?" मी त्याला म्हटलं, तुझी पेन्सिल आहे त्याच्याकडे. त्याला कळलं नाही. नाही कळलं तर नाही.

तांदूळ आम्ही खाल्ले.

पुस्तक अजून कपाटात आहे. चारही आहेत. चांदरी अजून भातच आहे. प्रतीक्षाने छापणाऱ्यांना पत्र लिहिलं, उत्तर नाही. मध्ये त्याने कॉलेजच्या शिपायाजवळ निरोप धाडला की नवी आवृत्ती काढायची आहे, त्या राशीच्या भाताचं खरं नाव आजींना विचारून ये. शिपाई आमच्याच बाजूचा, बिचारा ओशाळून उभा होता.

मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, नाव प्रतीक्षाच्या प्रोजेक्टमध्ये आहे, तिसऱ्या पानावर, दाण्यासकट. तिथून घे म्हणावं. आणि खाली तिचं नाव लिही. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, आडनावासकट. तिला शिकवलेलं आहे कसं लिहायचं ते, अडलं तर विचार म्हणावं तिला.

तो स्वतः काही आला नाही. निरोप पण नाही.

मी गावातल्या सगळ्या बायांना सांगून ठेवलंय. वही घेऊन कोणी आलं तर आधी त्याने पायातलं काढायचं. बसायचं. सांगणारीचं नाव विचारायचं आणि तिच्यासमोर लिहून तिला वाचून दाखवायचं. एवढं केलं तर सगळं सांगा, काही लपवू नका. नाही केलं तर खोटं पण सांगू नका. खोट्याची पण तो भाकरी करून खातो. वाट दाखवा.

आणि दरवर्षी नवी पोरं येतात. दरवर्षी तो टेबलावर ती चार पुस्तकं ठेवणार. ठेवू दे. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, माझे गुडघे अजून टोकावड्यापर्यंत जातात. ज्या दिवशी तो विषय सुरू होईल त्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसलेली असेन. त्याने चांदरीचं पान उघडलं की मी हात वर करणार आणि एकच शब्द विचारणार, कशावरून? मी मेले तर प्रतीक्षा विचारेल. ते पान फाटेपर्यंत, नाहीतर त्याची नोकरी संपेपर्यंत. मला दया नाही. त्याने मागितलेली पण नाही.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलंय, चौथीच्या अक्षरात. माझं नाव यात कुठेच नाही. ते मुद्दाम नाही. ते त्याने खळ्यावर येऊन, बूट काढून, खाली बसून विचारायचं आहे.

तोपर्यंत त्याच्या पुस्तकातल्या त्या बारीक ओळीत एवढंच खरं आहे की खळ्यावर एक बाई होती. ती मी होते.